जहाजावरचा पलंग आणि साडेचार इंच

गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही सिॲटलच्या बंदरातून अलास्काला जाणाऱ्या एका क्रूझ जहाजावर सात रात्री राहून आलो. परत आल्यावर नातेवाइकांनी हिमनद्यांविषयी विचारले, मैत्रिणींनी जेवणाविषयी आणि थंडीविषयी विचारले, आणि मी सर्वांना मनापासून उत्तरे दिली, कारण प्रवास सुंदर झाला होता. परंतु व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाने अशा प्रवासाला निघण्याआधी जे माहीत करून घ्यायला हवे, ते मला कोणी विचारले नाही आणि जाण्यापूर्वी मलाही कोणी सांगितले नव्हते. म्हणून हा लेख एकाच गोष्टीविषयी लिहीत आहे, ती म्हणजे केबिनमधल्या पलंगाची उंची.

२०११ मध्ये झालेल्या अपघातात माझ्या पाठीच्या कण्याला टी-१२ या मणक्यापाशी इजा झाली. तेव्हापासून कमरेखाली संवेदना नाही आणि पायांत बळ नाही. हात मात्र धड आहेत, आणि त्या हातांच्या जोरावर खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, कधी मोटारीत, असे दिवसातून दहा-बारा वेळा मी स्वतःचे शरीर उचलून नेते. या हालचालीला आम्ही सगळे 'ट्रान्सफर' म्हणतो. ती नीट होत असेल तर बाकीचे सारे दिवसभराचे व्यवहार माझ्या हातात राहतात, आणि ती अडली तर दुसऱ्या कोणाला तरी हाक मारावी लागते. आमच्या घरात ते दुसरे कोणी म्हणजे माझे पती, ज्यांनी पासष्टी ओलांडली आहे आणि ज्यांना कमरेचा जुना त्रास आहे. त्यामुळे मी आपली आपण अंथरुणावर जाऊ शकणे हा माझ्या स्वाभिमानाचा प्रश्न तर आहेच, पण तितकाच तो त्यांच्या पाठीचाही आहे.

अपघातानंतर घरी आले तेव्हा सासूबाईंच्या वेळचा सागवानी पलंग मला उंच पडू लागला. कोथरूडच्या आमच्या नेहमीच्या सुताराला बोलावले. त्याने केलेले काम मला आजही आठवते. त्याने प्रथम मला खुर्चीत बसलेली असतानाच जमिनीपासून कुशनच्या वरच्या कडेपर्यंतचे माप घेतले, मग मला पलंगावर बसायला सांगून गादी किती दबते ते पाहिले, पेन्सिलीने पलंगाच्या चारही पायांवर खुणा केल्या, आणि त्यानंतरच करवत हातात घेतली. कोणत्याही नियमपुस्तकाशिवाय त्याला उमगले होते की मोजायची आहे ती लाकडाची उंची नव्हे, तर माणूस बसल्यावर उरणारी उंची. त्या दिवसापासून घरातल्या पलंगाचा मी विचारही केलेला नाही, आणि योग्य उंचीच्या पलंगाचे लक्षण तेच आहे.

सिॲटलला राहणाऱ्या आमच्या मुलीने जहाजाचे आरक्षण केले, तेव्हा कंपनीने अपंग प्रवाशांसाठीचा एक अर्ज पाठवला होता. खुर्चीची रुंदी किती, खुर्ची हाताने चालवायची की विजेवर चालणारी, बॅटरी कोणत्या प्रकारची, खुर्ची घडी होते का, बाथरूममध्ये बसून अंघोळ करणार का, असे पुष्कळ प्रश्न त्यात होते. पलंगाविषयी एकही प्रश्न नव्हता. मी मुलीला मुद्दाम सांगून दोनदा विचारून घेतले की पलंगाची उंची किती आहे, आणि दोन्ही वेळा उत्तर आले की केबिन पूर्णपणे ॲक्सेसिबल, म्हणजे व्हीलचेअरला सोयीची, आहे. या शब्दावर मी विश्वास ठेवला. तिसऱ्यांदा विचारायला हवे होते, आणि आकड्यातच उत्तर द्या असा आग्रह धरायला हवा होता.

केबिनचे दार उघडले तेव्हा सुरुवातीला मला आनंदच झाला. दारातून खुर्ची हातांना न घासता आत गेली. बाथरूमला उंबरा नव्हता. शॉवरखाली भिंतीला घडीचे आसन होते, कमोडच्या बाजूला आणि मागे आधाराचे दांडे होते, बेसिनखाली गुडघे जात होते. खोलीच्या मध्यभागी खुर्ची पूर्ण गोल फिरवता येत होती, आणि बाल्कनीच्या दाराशी छोटासा रॅम्प होता. पतींनी पडदा सरकवला आणि बंदराचे पाणी दिसले. मग मी पलंगाकडे वळले, खुर्ची त्याच्या कडेला लावली, आणि गादीची कड माझ्या कोपराच्या थोडीच खाली आली.

टेप माझ्या पिशवीत नेहमी असते. पतींनी ती जमिनीला टेकवून धरली आणि मी वरचे टोक गादीच्या काठाला लावले. २५ इंच. माझी खुर्ची, कुशनवर मी बसलेली असताना, साडेवीस इंच भरते. म्हणजे साडेचार इंचांचा चढ. मग मी बाथरूममध्ये जाऊन कमोडचे माप घेतले, ते १८ इंच निघाले. एकाच केबिनमध्ये, एकाच माणसासाठी केलेल्या दोन बैठकींमध्ये सात इंचांचा फरक होता, आणि त्या फरकाकडे लक्ष गेल्यावर तो कशामुळे झाला असावा हा विचार मला पुढचे कित्येक महिने सोडून गेला नाही.

ज्यांना पायांवर उभे राहता येते त्यांना साडेचार इंच ही क्षुल्लक बाब वाटेल, म्हणून थोडे सविस्तर सांगते. ट्रान्सफर करताना एक हात खुर्चीवर आणि दुसरा पलंगावर टेकवून, कोपरे सरळ करत, शरीर वर उचलायचे असते, आणि मग डोके एका बाजूला झुकवून बैठक दुसऱ्या बाजूला वळवायची असते. कोपर सरळ झाले की उठाव संपला, त्यापुढे वर जायला काही उरत नाही. माझ्या हातांच्या लांबीने मला जेमतेम तीन इंच उठाव मिळतो. दोन्ही बैठका समपातळीवर असतील तर हे तीन इंच मधली फट ओलांडायला पुरेसे होतात. पलंग उंच असेल तर मात्र पुढचा हात आधीच वर, खांद्याजवळ टेकवावा लागतो, कोपर मुडपलेले राहते आणि खांदा अशा कोनात येतो की त्यात जोर लावताच सांध्यात कळ येते. कण्याची इजा झालेल्या लोकांचे खांदे वर्षांगणिक झिजतात, कारण पायांचे कामही त्यांनाच करावे लागते. अमेरिकेत कण्याच्या इजेवर काम करणाऱ्या वैद्यकीय संस्थांनी २००५ मध्ये हात आणि खांदे जपण्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही ट्रान्सफर शक्यतो समपातळीवर करावी असेच सांगितले आहे. एकदा खांदा गेला की खुर्ची ढकलणेही गेले आणि ट्रान्सफरही गेली.

फळी वापरली तर जमेल असे मला वाटले होते. खुर्ची आणि पलंग यांच्यामध्ये ठेवायची, दोन्ही टोके निमुळती असलेली गुळगुळीत लाकडी फळी मी प्रवासात बरोबर ठेवते. पण साडेचार इंचांच्या चढावर ती घसरगुंडी झाली, आणि तीही उलट्या बाजूने चढायची. एका बाजूला फळीचे टोक जाड, मऊ गादीत रुतत होते आणि दुसऱ्या बाजूला कुशनवरून निसटत होते. तशा चढावर सरकताना कातडीवर ओढ बसते. ज्या भागाला संवेदना नाही तिथे ही ओढ कळत नाही. कळते ते दुसऱ्या दिवशी, लाल चट्टा दिसल्यावर. शय्याव्रण, म्हणजे कातडीवर दाब आणि ओढ बसून होणारी जखम, एकदा झाला की तो भरून यायला महिने लागतात, त्या काळात पालथे पडून राहावे लागते, आणि त्या भीतीनेच मी तिसऱ्या प्रयत्नानंतर फळी बाजूला ठेवली.

त्या रात्री पतींनी मला उचलले. जहाजावरच्या कर्मचाऱ्यांना प्रवाशाला उचलण्याची परवानगी नव्हती, हे आम्हाला नम्रपणे सांगण्यात आले होते, आणि त्यामागचे कारण मला समजते. पतींनी एक हात माझ्या पाठीमागे आणि दुसरा गुडघ्यांखाली घातला. त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. मी वर गेले, गादीवर टेकले, आणि मग ती जाड गादी माझ्याखाली दबून काठाशी खड्डा झाला, त्यामुळे आत सरकण्यासाठी पुन्हा त्यांनाच ओढावे लागले. रात्री दोन वाजता मला बाथरूमला जायचे होते. घरी मी हे कोणालाही न उठवता करते. तिथे मी अर्धा तास अंधारात पडून विचार केला की त्यांना उठवावे की सकाळपर्यंत थांबावे, आणि शेवटी उठवले. उतरताना साडेचार इंच खाली जायचे म्हणजे सोपे, असे कोणाला वाटेल, पण उंचावरून खाली येताना वेग आवरत नाही, पाय आधी फरशीवर मुडपले जातात, आणि जहाज व्हँकूव्हर बेटाच्या बाहेरून उघड्या महासागरात चालले असताना ते हलकेसे का होईना, झुलतच असते. पुन्हा वर जाताना त्यांनी मला दुसऱ्यांदा उचलले. पहाटे ते कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून खुर्चीत बसलेले मला दिसले, आणि तेव्हा मी ठरवले की या पलंगाचे काही तरी करायचेच.

क्रूझवरचे पलंग इतके उंच का असतात, याचे उत्तर खाली वाकून पाहिले की मिळते. केबिन लहान असते, कपाटे अरुंद असतात, आणि आठवड्याभराच्या मोठ्या बॅगा ठेवायला जागा म्हणजे पलंगाखालचीच. म्हणून सांगाड्याखाली बॅग आडवी सरकेल इतकी मोकळीक ठेवतात. आमच्या केबिनमध्ये ती १३ इंच होती. त्यावर २ इंचांचा लोखंडी सांगाडा, त्यावर ८ इंचांची गादी, आणि गादीवर पुन्हा २ इंचांचा मऊ थर, ज्याला टॉपर म्हणतात. बेरीज केली की पंचवीस होतात. हा मऊ थर फार जुना नाही. १९९९ मध्ये वेस्टिन या हॉटेलसमूहाने 'हेवनली बेड' नावाचा जाडजूड, पांढराशुभ्र पलंग आणला आणि त्याची एवढी चर्चा झाली की हॉटेलांच्या धंद्यात गाद्या जाड करण्याची चढाओढ लागली. जहाजांच्या जाहिरातींतही आता गाद्यांची नावे आणि थरांची वर्णने असतात. गादी जाड होत असताना खालचे पाय आखूड करायला हवेत, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही, आणि व्हीलचेअरसाठी राखलेल्या केबिनमध्येही तोच पलंग, तीच गादी आणि तेच पाय आले.

यात कायद्याचा भाग काय, तेही मी परतल्यावर वाचून काढले. अमेरिकेचा 'अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट', म्हणजे अपंगांच्या हक्कांचा कायदा, १९९० चा. बहुतेक क्रूझ जहाजांवर बहामा, पनामा अशा परक्या देशांचे झेंडे असतात, त्यामुळे हा कायदा त्यांना लागू होतो की नाही हाच आधी वाद होता. स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २००५ मध्ये निकाल दिला की अमेरिकेच्या हद्दीतल्या पाण्यात परक्या झेंड्याच्या क्रूझ जहाजांनाही तो लागू होतो, मात्र जहाजाच्या अंतर्गत कारभारात तो ढवळाढवळ करू शकत नाही. त्यानंतर २०१० मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्याने प्रवासी जहाजांसाठी नियम केले. अपंग प्रवाशाला केवळ अपंगत्वामुळे नाकारता येणार नाही, त्याच्याकडून त्यासाठी जादा पैसे घेता येणार नाहीत, अशा मोलाच्या तरतुदी त्यांत आहेत, परंतु जहाजाची बांधणी कशी असावी हे प्रकरण त्या नियमांत राखीव म्हणून रिकामेच ठेवलेले होते.

त्याच कायद्याखालची जमिनीवरच्या हॉटेलांची २०१० ची मानके पाहिली तर आमच्या केबिनमधल्या बऱ्याचशा गोष्टी त्यांच्याशी जुळतात. दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच, खुर्ची वळवायला ६० इंचांचे वर्तुळ, कमोडची बैठक १७ ते १९ इंच, शॉवरमधल्या आसनाची उंचीही १७ ते १९ इंच. पलंगाविषयीही या मानकांत एक वाक्य आहे, पण ते पलंगाच्या बाजूच्या जागेविषयी आहे: दोन्ही बाजूंना ३० बाय ४८ इंचांची मोकळी जागा हवी, किंवा दोन पलंग असतील तर त्यांच्या मधोमध तेवढी जागा असली तरी चालेल. म्हणजे खुर्ची पलंगापर्यंत पोहोचली पाहिजे याची तजवीज आहे. खुर्चीतला माणूस पलंगावर पोहोचला पाहिजे याची तजवीज नाही. याचे कारण असे की मानके मुख्यतः इमारतीला जोडलेल्या गोष्टींविषयी आहेत आणि पलंग हे हलवता येणारे सामान समजले जाते. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१० च्या जुलैमध्ये, पलंगांसह अशा हलवता येणाऱ्या सामानासाठीही नियम करावेत का, याविषयी लोकांची मते मागवली होती. डिसेंबर २०१७ मध्ये तो सगळा प्रस्तावच मागे घेण्यात आला.

माझी याविषयीची खंत अधिक वाढते ती दवाखान्यातल्या तपासणीच्या टेबलाचे उदाहरण पाहिल्यावर. तिथे अमेरिकेच्या ॲक्सेस बोर्डाने, म्हणजे अपंगांच्या सोयींची मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ मध्ये मानके तयार केली आणि २०२४ मध्ये असे ठरवले की टेबल खाली १७ इंचांपर्यंत उतरले पाहिजे आणि वर २५ इंचांपर्यंत चढले पाहिजे. ट्रान्सफरसाठी उंची किती असावी याचा अभ्यास झालेला आहे, मोजमापे उपलब्ध आहेत, यंत्रे उपलब्ध आहेत. ज्या टेबलावर मी वर्षातून दोनदा दहा मिनिटे झोपते त्याचा विचार झाला. ज्या पलंगावर रोज आठ तास झोपायचे त्याचा झाला नाही.

मात्र सर्व पलंग १८ किंवा २० इंचांवर आणावेत, अशी मागणी मी करणार नाही, आणि हे मला जहाजावरच शिकायला मिळाले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या दालनात एक वयस्कर गृहस्थ भेटले, ज्यांना अर्धांगवायूनंतर काठी घेऊन उभे राहता येते. त्यांना आपला पलंग फार आवडला होता, कारण उंच पलंगावरून गुडघ्यांवर जोर न देता उठता येते. घरच्या बुटक्या पलंगावरून उठायला त्यांना दोन माणसे लागतात. त्यांच्याच टेबलावर एक आई होती, जिच्या मोठ्या मुलाला हॉयर लिफ्टने, म्हणजे झोळीत बसवून उचलणाऱ्या यंत्राने, पलंगावर ठेवावे लागते. त्या यंत्राचे चाकांवरचे दोन पाय पलंगाखाली आत सरकावे लागतात. सांगाडा खाली उतरवला, किंवा चारही बाजूंनी बंद अशी पेटीसारखी बैठक असली, तर ते यंत्र पलंगाजवळ येऊच शकत नाही आणि मुलगा हवेतच लटकत राहतो. तिच्यासाठी उंचीपेक्षा खालची मोकळी जागा महत्त्वाची. तिघांच्याही केबिनच्या दारावर खुर्चीचे तेच निळे चिन्ह होते. म्हणून उंची एकच ठरवण्यापेक्षा ती बदलता येणे आणि आधी माहीत असणे, या दोनच गोष्टी मी मागते. अमेरिकेतल्या हॉटेलांना २०१२ पासून असे बंधन आहे की अपंग ग्राहकाला खोली आपल्या गरजांना पुरी पडेल की नाही हे स्वतः ठरवता येईल इतका तपशील आरक्षणाच्या वेळी द्यायचा. एखाद्या केबिनचे वर्णन देताना दाराची रुंदी लिहिता येत असेल, तर गादीच्या काठाची उंचीही तितक्याच सहजपणे लिहिता येईल.

आमच्या पलंगाचे काय झाले ते सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी केबिन साफ करायला आलेला मुलगा आमचे मराठी बोलणे ऐकून दारातच थांबला. तो कुडाळचा निघाला. क्रूझ जहाजांवर गोव्याची आणि कोकणातली मुले पुष्कळ असतात हे ऐकून होते, पण अलास्काच्या वाटेवर कोणी 'काकू' म्हणून हाक मारेल असे वाटले नव्हते. मी त्याला टेप दाखवली, खुर्ची पलंगाला लावून दाखवली, आणि कुठे अडते ते सांगितले. त्याने एकदा माझ्या कोपराकडे पाहिले, एकदा गादीकडे पाहिले, आणि म्हणाला, "काकू, वायच थांबा, मी सुताराक घेवन येतंय."

जहाजावर सुतार असतो हे मला तेव्हा कळले. तो फिलिपिन्सचा होता, कमी बोलणारा, पट्ट्यात लहानसा पाना आणि हातोडी अडकवलेला. त्याने सर्वांत आधी चादर सोडवून टॉपर काढला, आणि दोघांनी तो गुंडाळून बाहेर नेला. पंचवीसाचे तेवीस झाले, आणि मुख्य म्हणजे गादीचा काठ घट्ट लागू लागला. मग त्याने बॅगा बाहेर काढून पलंगाखाली पाठीवर पडून टॉर्च लावला. सांगाड्याच्या पायांत एकात एक बसणाऱ्या नळ्या होत्या आणि त्यांना एकेका इंचावर भोके होती. खिळी काढून त्याने चारही पाय एक भोक खाली घेतले. आणखी एक भोक होते, पण त्या उंचीवर डोक्याकडच्या फळीशी सांगाडा अडत होता. बाहेर येऊन त्याने हात पुसले, स्वतःच्या टेपने माप घेतले आणि मला दाखवले. २२ इंच. कोथरूडच्या सुतारासारखाच तोही मग बाजूला उभा राहिला आणि मी बसून पाहीपर्यंत हलला नाही.

दीड इंचाचा चढ उरला होता. मी ब्रेक लावले, पाय आधी नीट टेकवले, डावा हात गादीच्या काठापासून वीतभर आत ठेवला, डोके उजवीकडे झुकवले आणि कोपरे सरळ केली. गादी दबली नाही. मी पलंगावर होते. पती खिडकीजवळ उभे होते आणि त्यांना पुढे यावे लागले नाही. सगळ्याला मिळून वीस मिनिटे लागली होती, आणि ती व्यवस्था त्या पलंगाच्या पायांत पहिल्यापासून होती.

त्यानंतरच्या सहा रात्री मी दोन वाजता एकटी उठले आणि एकटी परत झोपले. जूनमध्ये तिथे रात्र फारच लहान असते. एका पहाटे मी पडदा बाजूला केला तर डोंगरांवर उजेड पसरला होता आणि पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते. मी खुर्चीत बसून ते बराच वेळ पाहिले. पती झोपलेले होते.

जे कोणी अशा प्रवासाचा विचार करत असतील त्यांना माप कसे घ्यायचे ते सांगून ठेवते. आपल्या खुर्चीचे माप कारखान्याच्या कागदावरून घेऊ नका. कुशनवर स्वतः बसून, चाकांत नेहमीइतकी हवा भरलेली असताना, दुसऱ्याकडून घ्या. कंपनीला विचारताना 'ॲक्सेसिबल आहे का' असे विचारू नका. जमिनीपासून गादीच्या वरच्या काठापर्यंत किती इंच, टॉपर धरून किती आणि काढून किती, सांगाड्याचे पाय कमी-जास्त होतात का, पलंगाखाली मोकळी जागा किती, आणि ती सलग आहे का, असे एकेक विचारा, आणि उत्तर लेखी मागा. शक्य झाल्यास टेप गादीला लावून काढलेला फोटो मागा. फोटोतला आकडा वाचता येतो. जहाजावर चढल्यावर माप जुळले नाही तर रात्रीपर्यंत थांबू नका, दुपारीच सांगा. बॅगा अजून केबिनमध्ये आलेल्या नसतात, पलंगाखालची जागा रिकामी असते, आणि सुतारही मोकळा सापडण्याची शक्यता जास्त असते. मी पहिल्या दुपारी गप्प राहिले, कारण इतक्या चांगल्या केबिनमध्ये आल्याआल्या तक्रार करणे मला बरे वाटले नाही. त्याची किंमत पतींच्या कमरेने मोजली.

शेवटच्या सकाळी, सिॲटलला उतरायच्या आधी, सुतार पुन्हा दारात आला. पाय पुन्हा वर करू का, असे त्याने खुणेने विचारले. मी क्षणभर अडखळले. पुढच्या प्रवाशाला माझ्यासारखा खाली हवा असेल, की त्या आईला लागतो तसा उंच, हे मला कसे ठाऊक असणार? त्याच्याबरोबर आलेल्या कुडाळच्या मुलाने मग स्वतःच्या खिशातली डायरी काढली, आणि मी सांगत गेले तसे त्याने केबिनच्या क्रमांकाखाली लिहिले: टॉपरसह वरच्या भोकात २५, टॉपरशिवाय वरच्या भोकात २३, खालच्या भोकात २२, खालची मोकळी जागा १३ आणि १२. त्याने तो कागद फाडून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, जीवरक्षक जाकिटांच्या सूचनेशेजारी, चिकटवला आणि सुताराने वर बोट ठेवून एकेक आकडा वाचून पाहिला.